हवेतल्या फेरीचा तोटा कोणी भरायचा?

डिसेंबर १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या मध्यवस्तीतल्या ५९ मजली पॅन ॲम इमारतीच्या छतावरून केनेडी विमानतळाकडे हेलिकॉप्टरच्या नियमित फेऱ्या सुरू झाल्या. रस्त्याने गर्दीच्या वेळी तासभर मोडायचा, तेच अंतर वरून आठ-दहा मिनिटांत. त्या फेऱ्यांची छायाचित्रे आजही 'उद्याचे शहर' कसे असेल हे दाखवायला वापरली जातात. ती पाहणाऱ्या बहुतेकांना एक गोष्ट ठाऊक नसते. ही सेवा चालवणाऱ्या न्यूयॉर्क एअरवेजचे सरकारी अनुदान त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये बंद झाले होते. छायाचित्रातले हेलिकॉप्टर दिमाखदार आहे, पण कंपनीच्या पायाखालची जमीन तेव्हाच सरकली होती, आणि पुढची उड्डाणे मोठ्या विमान कंपन्यांच्या आधाराने चालली होती.

साठ वर्षांपूर्वीच्या परक्या शहरातल्या या हिशेबाशी आपला संबंध काय, असे कोणी विचारेल. संबंध सरळ आहे. इंडिगोची पालक कंपनी आणि अमेरिकेतली एअर टॅक्सी बनवणारी आर्चर यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केले की दिल्लीतल्या कनॉट प्लेसहून गुरुग्रामला विजेवर चालणाऱ्या एअर टॅक्सीने सात मिनिटांत नेऊ. मुंबई, बंगळूर ही नावेही त्याच निवेदनात होती. यंत्र नवे आहे, आश्वासन मात्र शब्दशः जुने आहे. आणि असे आश्वासन आले की पाठोपाठ सवलतीची जागा, करमाफी, 'सुरुवातीची काही वर्षे सरकारने हात द्यावा' ही मागणीही येते. म्हणून माझे मत आधीच सांगून टाकतो. शहरातली गर्दी टाळून मूठभरांना हवेतून नेण्यासाठी सरकारी तिजोरीतला एक रुपयाही जाऊ नये. जिथे रस्ता नाही, रस्ता होणार नाही किंवा पावसाळ्यात रस्ता राहत नाही, तिथे हेलिकॉप्टरवर सरकारने हात आखडता न घेता खर्च करावा. अमेरिकेतल्या तीन कंपन्यांचे हिशेब मांडले की हे मत का बनते ते कळेल.

या कंपन्यांची सुरुवात माणसांपासून झाली नाही, टपालापासून झाली. लॉस एंजेलिस एअरवेजने १ ऑक्टोबर १९४७ रोजी सिकोर्स्की एस-५१ हेलिकॉप्टरने टपालाच्या थैल्या न्यायला सुरुवात केली. विमानतळावरून उपनगरांतल्या टपाल कार्यालयांकडे थैल्या पोहोचवायच्या, एवढेच काम. १९४९ मध्ये शिकागोत आणि १९५२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये अशाच कंपन्या उडू लागल्या. प्रवासी नंतर आले: न्यूयॉर्कमध्ये जुलै १९५३ पासून, लॉस एंजेलिसमध्ये १९५४ पासून, शिकागोत १९५६ पासून. तोवर हेलिकॉप्टर कोरियाच्या युद्धात जखमी सैनिकांना आघाडीवरून मागे आणून लोकांच्या मनात बसले होते. शहरात त्याचा उपयोग का होऊ नये, हा प्रश्न त्या काळात अगदी स्वाभाविक होता. ज्यांनी तो विचारला त्यांना मी दोष देत नाही.

दोष आहे तो पैसे देण्याच्या पद्धतीत. अमेरिकेच्या १९३८ च्या नागरी विमानवाहतूक कायद्यात टपालाचा दर ठरवताना कंपनीची 'गरज' पाहायची तरतूद होती. प्रामाणिक, काटकसरी आणि कार्यक्षम कारभार करूनही कंपनीला जेवढे कमी पडेल तेवढे टपालाच्या दरातून भरून द्यायचे, हा तिचा अर्थ. हे ठरवण्याचे काम सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाचे. १९५३ पर्यंत टपाल नेण्याचा खरा मोबदला आणि अनुदान एकाच रकमेत मिसळलेले असायचे. त्या वर्षी सरकारने दोन्ही वेगळे केले आणि अनुदान बोर्डाच्या खात्यातून उघडपणे जाऊ लागले. हा बदल फार मोलाचा होता. त्याआधी सामान्य माणसाला वाटायचे की सरकार टपालासाठी पैसे देते आहे. वेगळे काढल्यावर दिसले की थैल्यांचे काम थोडे आणि तूट भरण्याचे काम मोठे. सुरुवातीच्या वर्षांत या कंपन्यांना प्रवाशांच्या तिकिटांपेक्षा सरकारकडूनच जास्त पैसे मिळत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला तिन्ही कंपन्यांना मिळून दरवर्षी काही दशलक्ष डॉलर जात होते.

'गरज' पाहून पैसे देणे ऐकायला माणुसकीचे वाटते. व्यवहारात त्याचा परिणाम असा होतो की तोटा जेवढा मोठा तेवढी मदत मोठी. कंपनीने खर्च वाचवला तर पुढच्या वेळी अनुदान कमी होते. नवे, महाग हेलिकॉप्टर घेतले तर त्याचा घसारा खर्चात धरला जातो आणि गरज वाढते. बोर्डातले अधिकारी हिशेब तपासत, खर्च नामंजूर करत, पुढे पुढे आवळतही गेले; पण मुळात 'ही सेवा किती लोकांसाठी, कशासाठी आणि किती वर्षे' याचे उत्तर कोणी आधी लिहून ठेवले नव्हते. प्रयोग म्हणून सुरू झालेली गोष्ट दरवर्षी प्रयोगच राहिली.

आता तोटा का होत होता ते पाहू, कारण तो कोणाच्या आळसामुळे किंवा अफरातफरीमुळे नव्हता. ही माणसे कामात निष्णात होती. लॉस एंजेलिस एअरवेजचे क्लेरेन्स बेलिन काय किंवा न्यूयॉर्क एअरवेजचे रॉबर्ट कमिंग्ज काय, हेलिकॉप्टरवर त्यांची निष्ठा होती. न्यूयॉर्क एअरवेजने १९५६ च्या अखेरीस पेरी यंग या कृष्णवर्णीय वैमानिकाला नोकरी दिली. अमेरिकेतल्या नियमित प्रवासी विमान कंपनीत असे पहिल्यांदाच घडत होते. बड्या विमान कंपन्या ज्या बाबतीत दारे बंद करून बसल्या होत्या तिथे या छोट्या कंपनीने दार उघडले, हे तिच्या नावावर कायमचे जमा आहे.

तोटा होता तो यंत्रात. विमानाचा पंख वेगामुळे उचल देतो, इंजिनाने फक्त पुढे ढकलायचे. हेलिकॉप्टरमध्ये वर धरून ठेवणेही इंजिनाचे आणि पुढे नेणेही इंजिनाचे. माथ्यावरची मोठी पाती, शेपटीची छोटी पाती, इंजिनाचा वेग उतरवून पात्यांपर्यंत नेणारे गिअरबॉक्स, प्रत्येक फेऱ्यात पात्याचा कोन बदलणारे सांधे आणि दांड्या हे सगळे उड्डाणभर फिरते, थरथरते आणि झिजते. यातल्या प्रत्येक महत्त्वाच्या भागाला तासांची मर्यादा असते. तेवढे तास भरले की तो भाग उतरवायचा, उघडायचा, तपासायचा किंवा थेट मोडीत काढायचा, मग तो दिसायला कितीही ठणठणीत असो. पाच मिनिटे उडा किंवा पन्नास, प्रत्येक मिनिट त्या मर्यादेतून वजा होते. एक हेलिकॉप्टर उडत ठेवण्यासाठी हँगरमध्ये किती हात लागत असतील याचा अंदाज त्यावरून करता येईल.

त्यात फेरी दहा मिनिटांची. चढायचे, सरळ होईपर्यंत उतरायची वेळ. खाली पाती फिरत असतानाच सामान काढायचे, माणसे उतरवायची, दुसरी बसवायची. इंधन जळते आहे, तास मोजले जात आहेत, पण अंतर कापले जात नाही. विमानतळाकडे जाणारी गर्दी ठराविक वेळी आणि एकाच दिशेने. येताना निम्म्या खुर्च्या मोकळ्या. धुके आले, ढग खाली उतरले की फेरी रद्द. आणि ज्याला पुढचे विमान गाठायचे आहे तो अशा भरवशावर फार दिवस राहत नाही.

भाडे वाढवायचे तर तेही हातात नव्हते. कारण भाड्याची वरची मर्यादा खाली रस्त्यावरचा टॅक्सीवाला आणि विमानतळाची बस ठरवत होती. मोठ्या विमान कंपन्यांशी जोडतिकिटाचे करार होते. लांबच्या प्रवासाच्या तिकिटातच हेलिकॉप्टरची फेरी धरलेली असे आणि त्यातला थोडा वाटा इकडे येई. त्यामुळे प्रवासी मिळत, पण भाव ठरवण्याची ताकद मिळत नसे.

अनुदानाच्या बाजूने त्या वेळी एक भक्कम युक्तिवाद होता आणि त्याला सोडून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. विमान कंपन्याही एकेकाळी टपालाच्या पैशावरच जगल्या होत्या. १९३६ मध्ये डग्लस डीसी-३ हे २१ आसनांचे विमान सेवेत आले आणि फक्त प्रवासी नेऊनही पैसे सुटू शकतात असे दिसू लागले. पन्नासच्या दशकात मोठ्या कंपन्या अनुदानाबाहेर पडल्या. हेलिकॉप्टरवाले म्हणत, आम्हालाही आमचे डीसी-३ येईपर्यंत धीर द्या. आणि यंत्रे खरोखर सुधारत होती. एस-५५ मध्ये सात-आठ प्रवासी बसत, एस-५८ मध्ये बारा, व्हर्टॉल ४४ मध्ये पंधरा. मग टर्बाइन इंजिने आली. १ मार्च १९६२ रोजी लॉस एंजेलिस एअरवेजने सिकोर्स्की एस-६१एल सेवेत आणले. एकेकाची किंमत सुमारे साडेसहा लाख डॉलर. त्याच वर्षी न्यूयॉर्कने दोन मोठ्या रोटरांचे, २५ आसनांचे बोइंग व्हर्टॉल १०७ उडवले. दर आसनामागचा खर्च उतरला, हे खरे.

तरीही डीसी-३ आले नाही, आणि येणारही नव्हते. डीसी-३ ने रात्रभराचा आगगाडीचा प्रवास काही तासांवर आणला. जितके अंतर जास्त तितका विमानाचा फायदा जास्त, आणि वेग वाढला की फायदा आणखी वाढतो. शहरातल्या हेलिकॉप्टरचे अंतर मात्र ठरलेले. वीस-पंचवीस किलोमीटरच्या फेरीत तुम्ही दीडपट वेगाचे यंत्र आणले तर वाचतात दोन-तीन मिनिटे. बाकीचा वेळ जिना, लिफ्ट, सामान आणि वाट पाहणे यातच जातो. मोठे यंत्र आणले तर ते भरायला जास्त माणसे लागतात, म्हणजे फेऱ्या कमी कराव्या लागतात. आणि फेऱ्या कमी झाल्या की 'केव्हाही या आणि निघा' हा सेवेचा मूळ गुणच जातो. सुधारणेचा प्रत्येक मार्ग अशा भिंतीला जाऊन भिडत होता. दहा वर्षांच्या आकडेवारीत हे दिसायला हवे होते. अनुदान 'गरजे'वर ठरत असल्यामुळे ते पाहण्याची कोणावर सक्ती नव्हती.

पैसे कोणाच्या खिशातून कोणाकडे जात होते हा प्रश्न त्याहून मोठा आहे. अनुदान मिळणारी शहरे तीन आणि तिन्ही देशातली सर्वांत मोठी, सर्वांत श्रीमंत. प्रवासी बहुतेक कामानिमित्त फिरणारे, विमान पकडणारे. आणि त्या काळात विमान पकडणे ही सामान्य माणसाची गोष्ट नव्हती. अमेरिकी काँग्रेसमध्ये दूरदूरच्या शेतकरी राज्यांतून आलेले प्रतिनिधी विचारत होते की आमच्या मतदारांनी हे का भरावे. त्यांच्या रागाला आधार होता. भरीला १९६१ मध्ये सॅन फ्रान्सिस्को आणि ओकलंडला जोडणारी एक हेलिकॉप्टर कंपनी एकही डॉलर अनुदान न घेता सुरू झाली होती. तिला जमते तर यांना का नाही, असा प्रश्न साहजिकच आला. बचावात सांगितले जाई की या सेवेतून देशाला, लष्कराला हेलिकॉप्टर वापराचा अनुभव मिळतो. पण साठच्या दशकात अमेरिकेच्या सैन्याकडे स्वतःचीच हजारो हेलिकॉप्टरे होती. लष्कराला शिकवायला न्यूयॉर्कच्या व्यावसायिकांची गरज उरली नव्हती.

१९६५ मध्ये पैसे थांबले. माझ्या मते निर्णय बरोबर होता, उशिरा झाला होता.

त्यानंतरची कहाणी शहरागणिक वेगळी आहे. शिकागोची मला सर्वांत बोलकी वाटते. तिथली सेवा जोरात होती. १९६० मध्ये तीन लाखांच्या आसपास प्रवासी. त्याचे कारण हवेत नव्हते, जमिनीवर होते. शहराला मिडवे आणि ओहेअर असे दोन विमानतळ होते आणि एका विमानातून उतरून दुसऱ्या विमानतळावरचे विमान गाठायला लोकांना मधले अंतर कापावे लागे. जेट विमाने मोठी झाली, ओहेअर वाढला, आणि १९६२ च्या उन्हाळ्यापर्यंत नियमित विमान कंपन्या मिडवे सोडून गेल्या. दोन विमानतळांमधला प्रवासच संपला. एवढ्या वर्षांच्या अनुदानाने उभे केलेले गिऱ्हाईक दुसऱ्या कोणाच्या एका निर्णयाने नाहीसे झाले. अनुदान गेल्यावर ही कंपनी वर्षअखेरपर्यंतच तग धरू शकली.

न्यूयॉर्कला पॅन ॲम आणि टीडब्ल्यूए या विमान कंपन्यांनी सावरले, लॉस एंजेलिसला अमेरिकन एअरलाइन्स आणि युनायटेड यांनी. खासगी कंपन्यांनी आपल्या प्रवाशांसाठी स्वतःचे पैसे घालणे हे योग्यच होते. त्यांना ती सेवा जेवढी मोलाची वाटली तेवढेच त्यांनी दिले आणि पुढे हात आखडता घेतला. पॅन ॲमच्या छतावरच्या फेऱ्या १९६८ च्या फेब्रुवारीत थांबल्या. विनाअनुदान सुरू झालेली सॅन फ्रान्सिस्कोची कंपनीही १९७० च्या सुमारास दिवाळखोरीत गेली. म्हणजे ज्यांच्याकडे बोट दाखवून अनुदान बंद करा म्हटले गेले तेही टिकले नाहीत. काटकसरी कारभार करणाऱ्यालाही ही सेवा फळली नाही, एवढाच याचा अर्थ मी घेतो.

अपघातांबद्दल लिहिताना सांभाळून लिहायला हवे. १९६० मध्ये शिकागोजवळ एस-५८ कोसळून १३ जण गेले. १९६८ मध्ये लॉस एंजेलिस एअरवेजची दोन हेलिकॉप्टरे तीन महिन्यांच्या आत पडली. २३ आणि २१ माणसे मेली. १९७७ मध्ये पॅन ॲमच्या छतावरून फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या होत्या. १६ मे रोजी छतावर उभ्या असलेल्या एस-६१ चा एक चाक-आधार धातूच्या थकव्याने मोडला, यंत्र कलले आणि फिरती पाती उतारूंवर आली. छतावर चार जण आणि पात्याचा तुकडा लागून खाली रस्त्यावरून चाललेली एक व्यक्ती गेली. ते हेलिपोर्ट कायमचे बंद झाले. १९७९ च्या एप्रिलमध्ये न्यूअर्कला आणखी तीन मृत्यू झाले आणि त्याच वर्षी न्यूयॉर्क एअरवेज दिवाळखोरीत गेली. पैशाच्या टंचाईमुळे हे अपघात झाले असे मी म्हणत नाही. तसे म्हणायला आधार नाही. पण ज्या धंद्यात नफ्याचा थर इतका पातळ की एका अपघातानंतरचे काही आठवडेही कंपनी उभी राहू शकत नाही, तो धंदा दाट वस्तीवरून दिवसभर माणसे नेण्याच्या जबाबदारीला पेलेल का, हा प्रश्न परवाना देण्याआधी विचारायचा असतो.

याच कंपन्यांची यंत्रे दुसरीकडे गेल्यावर काय झाले पाहा. न्यूयॉर्क एअरवेजची व्हर्टॉल १०७ हेलिकॉप्टरे पुढे ओरेगॉनमधल्या कोलंबिया हेलिकॉप्टर्सने घेतली. डोंगरउतारावरचे, जिथे रस्ता काढणे परवडत नाही अशा जंगलातले लाकडाचे ओंडके दोराला टांगून खाली आणायचे काम त्यांनी दशकानुदशके केले. तेच गिअरबॉक्स, तीच झीज, तोच देखभालीचा खर्च. फरक इतकाच की तिथे खाली टॅक्सी नव्हती. ग्राहक पुरेसे पैसे द्यायला तयार होता, कारण त्याच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता.

ब्रिटनमध्येही हेच दिसते. ब्रिटिश युरोपियन एअरवेजने १९५० मध्ये कार्डिफ-रेक्सम-लिव्हरपूल अशी हेलिकॉप्टर सेवा चालवून पाहिली. वर्षही न भरता ती बंद झाली. त्याच कंपनीच्या हेलिकॉप्टर शाखेने १९६४ मध्ये कॉर्नवॉलच्या टोकावरून सिली बेटांकडे सेवा सुरू केली, ती २०१२ पर्यंत, जवळपास अर्धशतक चालली. मध्ये समुद्र होता. पर्याय जहाजाचा किंवा छोट्या विमानाचा. बेल्जियमच्या सबेनाने १९५३ पासून ब्रुसेल्सहून शेजारच्या देशांतल्या शहरांना हेलिकॉप्टरने जोडले होते, तेही १९६६ पर्यंत संपले; तिथे आगगाडी होती, चांगले रस्ते होते. यंत्र सगळीकडे एकाच जातीचे होते. फरक पडला तो खालच्या जमिनीने.

भारताने या धड्याची किंमत एकदा मोजलेली आहे, तीही दुसऱ्याच्या पैशात असल्यामुळे फारशी आठवली जात नाही. ऑक्टोबर १९८५ मध्ये सरकारने हेलिकॉप्टर कॉर्पोरेशन स्थापन केले, तेच आजचे पवन हंस. ओएनजीसीच्या बॉम्बे हाय इथल्या समुद्रातल्या फलाटांवर कामगारांना ने-आण करणे हे तिचे मुख्य काम; जुहूच्या धावपट्टीवरून ही ये-जा मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहे. हे काम हेलिकॉप्टरसाठी अगदी योग्य. पण त्यासाठी घेतलेली २१ वेस्टलँड ३० हेलिकॉप्टरे ब्रिटनच्या मदतनिधीतून, साडेसहा कोटी पौंडांना आली. ब्रिटिश सरकारला आपला कारखाना जगवायचा होता. हेच मॉडेल १९८३ मध्ये लॉस एंजेलिसमध्ये एअरस्पर नावाच्या नव्या हेलिकॉप्टर कंपनीने विमानतळ फेऱ्यांसाठी वापरून पाहिले होते आणि ती सेवाही फार टिकली नाही. भारतात अपघात झाले, ताफा जमिनीवर आला आणि शेवटी साधारण नऊ लाख पौंडांना मोडीत गेला. काम योग्य असतानाही, पैसे कोणाच्या गरजेसाठी खर्च होत आहेत हे नीट पाहिले नाही तर काय होते, याचे हे उदाहरण.

आता उडान, म्हणजे छोट्या शहरांना विमानसेवेने जोडण्याची केंद्र सरकारची योजना. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या आणि एप्रिल २०१७ मध्ये पहिले विमान उडालेल्या या योजनेची रचना अमेरिकेच्या जुन्या पद्धतीपेक्षा दोन बाबतींत शहाणी आहे. कंपनीला झालेला तोटा नंतर मोजून भरून द्यायचा नाही. किती तूट निधी लागेल याची बोली आधी लावायची आणि कमीत कमी मागणाऱ्याला मार्ग द्यायचा. आणि मुदत तीन वर्षांची. पैसा येतो तो इतर मार्गांवरच्या उड्डाणांवर लावलेल्या आकारातून, म्हणजे अखेर इतर प्रवाशांच्या तिकिटातून, आणि काही वाटा राज्य सरकारांकडून. तरीही कॅगच्या २०२३ च्या अहवालातले आकडे झोप उडवणारे आहेत. योजनेच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत ७७४ मार्ग दिले गेले. सुरू झाले ३७१. तीन वर्षांची मुदत पूर्ण केली ११२ मार्गांनी. मुदत संपल्यावरही मार्च २०२३ मध्ये चालू होते ५४.

मुदत लिहून ठेवली म्हणजे काम झाले नाही, हे या आकड्यांतून दिसते. तीन वर्षांनी काय बदललेले असेल, हे आधी विचारलेच नव्हते. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी झाले तेव्हा कोकणात केवढा आनंद होता. अलायन्स एअरची मुंबईची फेरी उडानमध्ये होती. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षे भरली आणि ती थांबली. दरम्यान जानेवारी २०२३ मध्ये शेजारी गोव्यात मोपा विमानतळ सुरू झाला होता. दक्षिण सिंधुदुर्गातल्या माणसाला तिथे जास्त विमाने, जास्त वेळा मिळू लागली. शिकागोच्या मिडवेची आठवण होते ती यामुळे: शेजारच्या विमानतळाने गिऱ्हाईक नेले. हे आधीच दिसत होते; मोपाचे बांधकाम काही लपून चालले नव्हते. आणि ज्या मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून रेंगाळले आहे, त्या रस्त्यावरून कोकणातली बहुसंख्य माणसे गणपतीला गावी जातात. प्राधान्य कशाला द्यायचे, हे ठरवायला फार मोठ्या अभ्यासाची गरज नाही.

विमानसेवेला मदत नकोच, असे माझे म्हणणे नाही. भामरागडला पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेले की तालुका जगापासून तुटतो. अशा वेळी अडलेली बाळंतीण, सर्पदंश झालेले मूल, तापाने फणफणलेला म्हातारा यांच्यासाठी हेलिकॉप्टर हाच रस्ता असतो. गडचिरोलीतून जखमी जवान नागपूरला हेलिकॉप्टरने आणले जातात, तसाच हक्क तिथल्या आदिवासी आजाऱ्याला हवा. त्यातून एक पैसाही परत येणार नाही. यायचे कारणही नाही. एसटीला आपण तिकिटाच्या सवलतींसाठी पैसे देतो ते तोटा झाला म्हणून देत नाही, तर गावातल्या म्हाताऱ्या माणसाला तालुक्याला जाता यावे म्हणून देतो. ईशान्येतले डोंगर, उत्तराखंड, लक्षद्वीप, अंदमान इथेही हाच न्याय लागू होतो.

म्हणून ज्या मार्गावर सार्वजनिक पैसा जाणार आहे त्याच्या मंजुरीच्या कागदावर तीन गोष्टी छापलेल्या असाव्यात अशी माझी मागणी आहे. आज हा प्रवास लोक कसे करतात आणि किती वेळात. पुढच्या पाच वर्षांत त्या दोन ठिकाणांमध्ये कोणता रस्ता, रेल्वे किंवा विमानतळ होणार आहे. आणि दर प्रवाशामागे सरकार किती रुपये घालणार आहे. शेवटचा आकडा दर तिमाहीला प्रत्यक्षाशी ताडून जाहीर व्हावा, आणि सलग वर्षभर तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर मदत आपोआप थांबावी, कोणाच्या मर्जीवर नाही.

एअर टॅक्सीच्या कंपन्या मुंबई-पुण्यात उतरण्याच्या जागा मागायला येतील तेव्हा त्यांचे स्वागत करावे आणि जागेचे भाडे बाजारभावाने घ्यावे. गच्ची, मैदान, बंदराची जमीन सवलतीत देणे हेही अनुदानच आहे, फक्त ते अर्थसंकल्पात दिसत नाही. अमेरिकेत टपालाच्या दरात लपलेले अनुदान वेगळे काढायला १९५३ उजाडावे लागले होते. आपल्याकडे पहिल्या कराराच्या दिवशीच ती रक्कम रुपयांत लिहून विधिमंडळापुढे ठेवता येईल, आणि त्याच पानावर त्या वर्षी गडचिरोलीच्या हवाई रुग्णसेवेला किती दिले तेही लिहिता येईल.